विजेच्या प्रवाहाची उघाडी

मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघे हे भिवंडी तालुक्यातील गाव. आसपास भाताची खाचरे आहेत, आणि पूर्वेकडून, थेट विदर्भाकडून येणारे उंच लोखंडी मनोरे येथे येऊन थांबतात. या मनोऱ्यांवरील तारा नेहमीच्या तारांसारख्या नाहीत. नेहमीच्या मोठ्या वाहिनीवर तीन तारांचा संच असतो. या वाहिनीवर दोनच संच आहेत. ही चंद्रपूर-पडघे वाहिनी होय. तिची लांबी सुमारे ७५० किलोमीटर असून तिच्यातून १,५०० मेगावॅटपर्यंत वीज आणता येते. एका तारेचा दाब जमिनीच्या मानाने अधिक ५०० किलोव्होल्ट व दुसरीचा उणे ५०० किलोव्होल्ट असतो. ती १९९९ साली सुरू झाली, त्या वेळी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यापासून ती महापारेषण कंपनीकडे आहे.

आपल्या घरात व शेतात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा पालटणारी असते. पडघ्यास येणारी ही वीज मात्र दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ती प्रत्यावर्तीच निर्माण होते; तेथे ती दिष्ट केली जाते, साडेसातशे किलोमीटर चालून येते आणि पडघे येथे पुन्हा प्रत्यावर्ती होऊन ठाणे-मुंबईकडील जाळ्यात मिसळते. इतक्या लांबच्या प्रवासात प्रत्यावर्ती विजेचा पुष्कळसा भाग तारांचेच विद्युतभारण करण्यात गुंतून पडतो आणि तारही तिसरी लागते, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. दोन्ही टोकांना हे परिवर्तन घडविणाऱ्या वस्तूला थायरिस्टर म्हणतात. सिलिकॉन या अर्धसंवाहक द्रव्याच्या चकतीपासून ती बनविलेली असते आणि तिच्यात कोणताही भाग हलत नाही.

याच कुळातील एक वस्तू, मटाराच्या दाण्याएवढी, पडघ्याच्या आसपासच्या अनेक घरांत पंख्याच्या फिरत्या बटणामागे बसलेली आहे. तिचीच मोठी भावंडे आता पंपघरांत येऊ लागली आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना तिची ओळख असणे इष्ट आहे. तिच्याविषयीच्या अपुऱ्या समजुतीमुळे मोटारी जळतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पंप थांबलेला आहे एवढ्यावरून माणूस तारेला हात लावतो.

भरती, ओहोटी आणि खिटी

खाडीकाठच्या शेतकऱ्यास थायरिस्टर समजावून देण्यास दूर जाण्याचे कारण नाही. खारभूमीच्या बांधात उघाडी बसविलेली असते. ओहोटीच्या वेळी शेतातील पाण्याच्या दाबाने तिची झडप बाहेरच्या बाजूस उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरती येऊ लागली की खारे पाणी तीच झडप चौकटीवर दाबून धरते. पाण्याला एकाच दिशेने वाट देणारे हे साधन होय. विजेत हेच काम करणाऱ्या साध्या अर्धसंवाहकास डायोड म्हणतात.

आता या झडपेला एक खिटी बसविली आहे असे समजावे. खिटी लावलेली असेल तर ओहोटी असूनही झडप उघडत नाही. ती काढण्यास फार बळ लागत नाही. पण काढताच सारे पाणी सुटते. एकदा पाणी वेगाने वाहू लागले की खिटी पुन्हा जागेवर नेऊन उपयोग नाही, वाहत्या पाण्यापुढे झडप मिटत नाही. ओहोटी सरून पाणी थांबेल तेव्हाच ती आपोआप मिटेल आणि खिटी पुन्हा बसेल. थायरिस्टर नेमका असाच वागतो. त्याच्या दारावर, म्हणजे गेट नावाच्या तिसऱ्या टोकावर, अल्पसा प्रवाह क्षणभर दिला की मोठा प्रवाह सुरू होतो. नंतर दारावरचा प्रवाह काढून घेतला तरी तो चालूच राहतो आणि मुख्य प्रवाह शून्यापाशी आला म्हणजेच थांबतो. १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी तो तयार केला. पुढे काही वर्षांतच दोन्ही दिशांनी प्रवाह सोडू शकणारा त्याचा भाऊ, ट्रायक, बाजारात आला.

खाडीला दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटी येते. आपल्या विजेला ती दर सेकंदास ५० वेळा येते. एका दिशेचा प्रवाह एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता, म्हणजे १० मिलिसेकंद टिकतो, शून्यावर येतो आणि उलट वाहू लागतो. सेकंदाला शंभर वेळा प्रवाह आपण होऊन थांबत असल्यामुळे थायरिस्टर मिटविण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. खिटी केव्हा काढावयाची एवढेच ठरवावे लागते. प्रत्येक लाट सुरू होताच ती काढली तर पूर्ण वीज मिळते. पाच मिलिसेकंद थांबून काढली तर लाटेचा अर्धाच भाग पुढे जातो. शेगडीसारख्या साध्या भारास निम्मी शक्ती मिळते आणि २३० व्होल्टच्या जागी परिणामी दाब सुमारे १६३ व्होल्ट भरतो. आठ-नऊ मिलिसेकंद थांबल्यास नाममात्र वीज जाते.

जुन्या काळी पंख्याचा वेग कमी करण्यासाठी तारेच्या वेटोळ्यांचा मोठा रेग्युलेटर भिंतीवर असे आणि तो हाताला गरम लागे. नको असलेली वीज तो उष्णतेच्या रूपाने उधळीत असे. ट्रायक वीज उधळीत नाही, तो तिला वाटच उशिरा देतो. (टकटक करीत चार-पाच टप्प्यांवर फिरणाऱ्या बटणात बहुधा ट्रायक नसून कपॅसिटर असतात, सलग फिरणाऱ्या बटणात ट्रायक असतो.) ट्रायकमध्येही थोडी उष्णता निर्माण होतेच. प्रवाह वाहत असता त्याच्या दोन टोकांत एक ते दीड व्होल्ट खर्ची पडतो. दहा अँपिअर वाहत असतील तर दहा-पंधरा वॅटची ही उष्णता बाहेर काढण्यासाठी ॲल्युमिनियमची पंखेदार पट्टी लागते. पट्टीवाचून बसविलेले स्वस्त साधन काही दिवसांतच निकामी होते, यात नवल नाही.

पडघे येथील केंद्रात हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर वापरलेले आहे. इतका मोठा दाब एका थायरिस्टरला पेलवत नाही, म्हणून अनेक थायरिस्टर एकापुढे एक जोडून झडप बनवितात आणि ते सर्व एकाच क्षणी उघडावे लागतात. वाहिनी पूर्ण भाराने चालू असता तिच्यातून १,५०० अँपिअर वाहतात. चंद्रपूरच्या झडपा लाट चढू लागल्यावर लवकर उघडतात. पडघ्याच्या झडपा बऱ्याच उशिरा, पाव चक्र उलटून गेल्यावर उघडतात, आणि या उशिरामुळेच तेथे शक्तीचा ओघ दिष्ट वाहिनीतून प्रत्यावर्ती जाळ्याकडे वळतो. मात्र झडपा मिटविण्याचे काम पडघ्याच्या बाजूच्या जाळ्यातील लाटच करते. त्या जाळ्यात मोठा दोष होऊन दाब एकाएकी कोसळला तर झडप वेळेवर मिटत नाही आणि परिवर्तन क्षणभर विस्कटते. शिवाय कापलेली लाट गुळगुळीत राहत नाही. तिच्यातील उपलहरी गाळून घेण्यासाठी केंद्राच्या आवारात कपॅसिटर व वेटोळी यांच्या रांगा उभ्या कराव्या लागतात. घरातील ट्रायकचे बटण अर्धे फिरवले असता रेडिओत खरखर येते, तीही याच उपलहरींमुळे.

पंख्याचे बटण पंपास चालत नाही

पंख्याचा वेग बटणाने कमी होतो, मग पंपाचा का होणार नाही, असा प्रश्न शेतकरी बांधव विचारतात आणि काही हौशी मिस्त्री तसा प्रयोगही करून पाहतात. प्रयोग महागात पडतो. आपल्याकडील बहुतेक मोटारी प्रेरण पद्धतीच्या असतात. त्यांचा वेग मुख्यतः विजेच्या चक्रसंख्येवर, म्हणजे सेकंदाच्या ५० आवर्तनांवर अवलंबून असतो. दाबावर फारसा नाही. दाब कमी केला की वेगाआधी जोर कमी होतो, आणि तोही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात: निम्म्या दाबास पाव जोर. पंख्याची मोटार लहान, मुद्दाम तशा बेताने बनविलेली आणि वेग घटताच पंख्यावरील हवेचा भारही झपाट्याने घटणारा, म्हणून तेथे हे निभावते. पंपाची मोटार मात्र जोर अपुरा पडून घसरू लागते, जास्त प्रवाह ओढते व तापते. भिवंडीच्या यंत्रमागांनाही हाच नियम लागू आहे. मागाच्या मोटारीवर असले बटण बसविण्याचे कोणी मनातही आणू नये.

पंपासाठी थायरिस्टरचा खरा उपयोग आरंभाच्या वेळी आहे. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार चालू असता साधारणपणे साडेसात अँपिअर घेते. पण सरळ पूर्ण दाबावर सुरू केली तर पहिल्या क्षणी ती त्याच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. तारा लांब असतील तर तेवढ्यापुरते शेजारच्या पंपांचे विद्युतदाब खाली येतात. स्टार-डेल्टा स्टार्टर हा आरंभीचा प्रवाह एकतृतीयांशावर आणतो, मात्र स्टारमधून डेल्टात जाताना एक झटका बसतो. थायरिस्टरच्या मृदू स्टार्टरमध्ये, ज्याला दुकानदार सॉफ्ट स्टार्टर म्हणतात, खिटी आधी उशिरा व मग क्रमाक्रमाने लवकर काढली जाते. दाब काही सेकंदांत चढत जाऊन पूर्ण होतो आणि चांगल्या स्टार्टरमध्ये त्यानंतर एक कॉन्टॅक्टर सारा भार आपल्याकडे घेऊन थायरिस्टरला विश्रांती देतो. थांबवितानाही दाब हळूहळू उतरविता येत असल्याने लांब पाइपलाइनीत पाण्याचा हादरा बसत नाही आणि नळाचे सांधे निखळत नाहीत. उतारावरच्या वाडीला खालच्या नदीवरून किंवा ओढ्यावरून पाणी चढविणाऱ्यास हा लाभ मोठा आहे.

पण विक्रेते सांगतात तसे हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब मुळातच कमी असेल, समजा ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट असेल, तर मोटारीचा जोर आधीच १०० वरून सुमारे ७१ वर आलेला असतो. मृदू स्टार्टर तो आरंभी आणखी कमी करतो, वाढवीत नाही. अशा ठिकाणी मोटार नुसती गुणगुणत राहते व जळते. तेथे आधी दाबाची तक्रार मार्गी लावावी, मग स्टार्टरचा विचार करावा. पाणबुडी मोटारीच्या बाबतीत दाब चढण्याचा काळ फार लांबवू नये, कारण तिचे तळचे बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि तो थर वेग आल्याखेरीज तयार होत नाही. उत्पादकाने दिलेला काळ पाळावा. तीनपैकी एक फेज गेली असता मोटार वाचविणे हेही थायरिस्टरचे आपोआप घडणारे काम नाही. त्यासाठी फेजरोधक संरक्षण पेटीत आहे की नाही हे विकत घेतानाच पाहावे. दोन फेजवर कपॅसिटर लावून मोटार चालविण्याचा प्रकार अशा स्टार्टरबरोबर करणे म्हणजे मोटार व स्टार्टर दोन्ही एकदम घालविणे होय.

कपॅसिटरविषयी आणखी एक सूचना देणे अवश्य आहे. शक्तिगुणांक सुधारण्यासाठी कृषिपंपांना कपॅसिटर लावावेत असे वीज कंपन्या सांगत आल्या आहेत आणि ते योग्यच आहे. जुन्या स्टार्टरबरोबर तो पुष्कळदा थेट मोटारीच्या टोकांना जोडलेला असतो. त्याच जागी मृदू स्टार्टर बसविला आणि कपॅसिटर मोटारीकडेच राहिला, तर कापलेल्या लाटेमुळे त्याच्यातून प्रचंड प्रवाहाचे झोत वाहतात आणि थायरिस्टर फुटतात. तो स्टार्टरच्या आधीच्या, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस हलवून घ्यावा. चक्रसंख्या बदलणारा ड्राइव्ह बसविला असेल, तर त्याच्या आणि मोटारीच्या मध्ये कपॅसिटर अजिबात ठेवू नये.

सौर पंपातील उघाडी

वेगच कमी-जास्त करावयाचा असेल तर चक्रसंख्याच बदलली पाहिजे. सौर कृषिपंपाच्या पेटीत हेच होते. केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ साली आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ साली सुरू झाली. राज्याच्या योजनेत शेतजमिनीच्या प्रमाणात ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो; सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. सौर पट्ट्यांची वीज दिष्ट असते. तिला भरतीही नाही, ओहोटीही नाही. म्हणून थायरिस्टर एकदा उघडला तर तो मिटविण्यास शून्याचा क्षण येतच नाही. यास्तव प्रत्यावर्ती मोटारीच्या सौर पंपात दारावरील इशाऱ्याने उघडतो तसाच मिटतोही, असा ट्रान्झिस्टर वापरतात. मोठ्या यंत्रांत त्याला आयजीबीटी म्हणतात. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तो दिष्ट विजेतून हव्या त्या चक्रसंख्येची प्रत्यावर्ती वीज घडवितो. सकाळी ऊन कोवळे असता चक्रसंख्या कमी ठेवून पंप हळू फिरवावयाचा आणि दुपारी पूर्ण वेगाने, असे त्या पेटीचे काम चालते.

सकाळी पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, ही सौर पंपाविषयीची नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण बहुतेक वेळा बिघाड हे नसते. पंपाचा वेग ८० टक्के झाला की पाणी चढविण्याची उंची ६४ टक्क्यांवर येते. विहीर खोल असेल तर ठराविक वेगाखाली पाणी नळात अर्ध्यावर येऊनच थांबते. त्याच वेळी लागणारी शक्ती निम्म्यापर्यंत उतरते, म्हणून तर कोवळ्या उन्हावर मोटार फिरू शकते. पट्ट्या पुसलेल्या आहेत व त्यांवर झाडाची सावली पडत नाही एवढे पाहून, ऊन चढेपर्यंत वाट पाहावी.

थांबलेला पंप आणि जिवंत तार

खाडीची उघाडी मिटली तरी फटींतून खारे पाणी थोडे झिरपतेच. मिटलेल्या थायरिस्टरचेही तसेच आहे. तो तार तोडीत नाही. नुसता प्रवाह अडवून धरतो. त्याच्या रक्षणासाठी जोडलेल्या कपॅसिटरमधून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपत राहतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा झटका जाणवतो. हा झाला निरोगी थायरिस्टर. तो बिघडतो तेव्हा बहुधा आतून जोडलेलाच राहतो, म्हणजे उघाडी उघडीच अडकते. पंख्याचे बटण कितीही फिरवले तरी पंखा पूर्ण वेगाने फिरत राहणे हे त्याचेच लक्षण होय.

याहूनही महत्त्वाची गोष्ट स्टार्टरच्या पेटीत दडलेली आहे. कमी किमतीच्या अनेक मृदू स्टार्टरमध्ये तीनपैकी दोनच फेजवर थायरिस्टर असतात. तिसरी फेज तशीच सरळ मोटारीपर्यंत गेलेली असते. दोन वाटा अडविल्या की मोटार थांबते हे खरे. पण तिसऱ्या तारेवर जमिनीच्या मानाने सुमारे २४० व्होल्टचा दाब पंप थांबलेला असतानाही कायम असतो. लाल बटण दाबले, मोटार शांत झाली, म्हणून केबलचा सांधा उघडणारा माणूस त्या तारेला हात लावतो. भातलावणीच्या दिवसांत, पाऊस चालू असता, विहिरीच्या ओल्या कठड्यावर हे घडले तर काय होईल हे सांगावयास नको.

सौर पंपाच्या पेटीत धोक्याचे स्वरूप निराळे आहे. आतील मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटे भारलेले राहतात. पेटीवर लिहिलेला काळ, तो लिहिलेला नसल्यास निदान दहा मिनिटे, थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. सौर पट्ट्या तर सूर्य असेपर्यंत बंद करताच येत नाहीत. अनेक पट्ट्या ओळीने जोडल्या की शेकडो व्होल्टचा दिष्ट दाब तयार होतो, आणि दिष्ट विजेची ठिणगी शून्याचा क्षण नसल्यामुळे सहज विझत नाही. म्हणून पंप चालू असता पट्ट्यांची जोडणी ओढून काढू नये. आधी पंप थांबवावा, नंतर दिष्ट विजेसाठीच बनविलेला स्विच बंद करावा आणि मगच पुढील काम करावे.

मोबाइलवरून पंप सुरू करण्याची साधनेही पुष्कळ ठिकाणी आली आहेत. रात्री बांधावर जाण्याचा त्रास आणि सापाकिरडाचे भय वाचते, हा त्यांचा गुण नाकारता येणार नाही. परंतु पंपाजवळ कोण उभे आहे हे मोबाइलला दिसत नाही. वीज येताच आपोआप पंप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचेही तसेच. शिवाय एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू होऊन रोहित्र जळते, म्हणून ते काढून टाकावेत असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केले आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंपघर पाहताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. अर्धसंवाहक स्टार्टरच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूस, तिन्ही फेज एकदम तोडणारा धातूच्या पात्यांचा मेन स्विच असलाच पाहिजे. स्टार्टरमध्येच बटण आहे म्हणून स्विच गाळला असेल तर तो प्रथम बसवून घ्यावा. मोटारीची चौकट व पेटी यांची अर्थिंग तार गंजून तुटलेली नाही हे हाताने हलवून नव्हे, तारमिस्त्रीकडून मोजून पाहावे. अर्थिंगजवळची माती उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा तिच्यात पाणी घालीत जावे. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये, कारण झिरपणाऱ्या अल्प प्रवाहानेही तो उजळतो आणि कधी जिवंत तारेवरही दिवसाच्या उजेडात दिसत नाही. चाचणीचा दिवा किंवा मीटर तिन्ही तारांवर, प्रत्येक तार व अर्थिंग यांच्या दरम्यान लावून पाहावा. मोटार वर काढावयाची असेल, केबल जोडावयाची असेल किंवा कोणी विहिरीत उतरणार असेल, तर मेन स्विचचा दांडा खाली ओढून त्यास कुलूप घालावे आणि किल्ली विहिरीत उतरणाऱ्याच्याच कंबरेला असावी.